ओघळण्यापुरतं वजन

दिवाळी अंकाला कथा द्यायची होती. गणपती बसायच्या आत मजकूर पोचला नाही तर तो पुढच्या वर्षावर जातो, हे दोनदा अनुभवून झालं होतं, म्हणून या वेळी श्रावणातच कथा हातावेगळी केली. विज्ञानकथा. नायिका भारतीय अंतराळवीर, चाळिशीची, अंतराळ स्थानकावर सहा महिन्यांच्या मुक्कामाला. इकडे गावी तिची आई अंथरुणाला खिळलेली. शेवटी आई गेल्याचा निरोप वर पोचतो. बाई खिडकीशी जाते. खाली निळी पृथ्वी. आणि शेवटचं वाक्य : 'तिच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळला.'

वाक्य माझं मलाच आवडलं होतं. भाची आली होती, तिला वाचायला दिलं. ती मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि माझ्या कथा शुद्धलेखन तपासल्यासारख्या वाचते. शेवटच्या पानावर तिनं 'ओघळला'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.

"मावशी, कुठे ओघळला?"

"गालावर. आणखी कुठे ओघळणार?"

"अगं, पण तिथे 'खाली' कुठाय?"

मी गप्प. वजनरहित अवस्था मला ठाऊक नव्हती असं नाही. कथेच्या सुरुवातीला मी पेन तरंगवलं होतं, नायिकेचे केस डोक्याभोवती पसरवले होते, पाण्याचा गोळा करून तो तिला गट्ट करायला लावला होता. जिथे जिथे मला आठवण होती तिथे सगळं तरंगत होतं. पण भावना आली रे आली की गुरुत्वाकर्षण परत येत होतं. भाचीनं मग पहिल्या पानापासून रेघा मारत आणल्या. 'ती मटकन खाली बसली.' रेघ. 'तिनं अंथरुणाला पाठ टेकली.' रेघ. 'तिची मान खाली गेली', 'हातातला कागद गळून पडला', 'पायाखालची जमीन सरकली'. या जमिनीच्या वाक्यावर तर ती हसलीच. चारशे किलोमीटर उंचावर असलेल्या बाईच्या पायाखालची जमीन ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरच्या वेगानं सरकतच असते, त्यात विशेष काय?

सुस्कारा सोडला होता, तो तेवढा पास झाला.

त्या रात्री मी बराच वेळ आपल्या भाषेतली दुःखं मोजत पडले होते (हे पडणंही तसलंच). आपण आसवं गाळतो. कोसळतो. खचतो. मन जड होतं, रडलं की हलकं होतं. खांद्यावर भार असतो, उरावर दगड असतो, जीव टांगणीला असतो. आपलं सगळं दुःख वजनावर चालतं. आनंदाला जरा मोकळीक आहे, तो गगनात मावत नाही वगैरे. पण दुःखाला खाली जायला जागा लागते. तीच नसेल तर मराठी लेखिकेनं काय करायचं?

'पडणे' या क्रियापदाशी माझी जुनी ओळख आहे, तीही आकाशातूनच झालेली. १९७९ च्या जुलैत मी दहा वर्षांची होते. आषाढी नुकतीच झाली होती आणि मिरजेच्या आमच्या वाड्यात एकच विषय होता, स्कायलॅब. अमेरिकेची प्रयोगशाळा आकाशातून पडणार, पण कुठे पडणार ते नक्की कुणालाच सांगता येईना. सत्तर-पंच्याहत्तर टनांचं धूड. शेजारच्या काकूंनी डब्यातले सगळे लाडू पोरांना वाटून टाकले होते, राहिले तर कुणाच्या उपयोगाचे म्हणून. माझी आजी मात्र वेगळंच विचारत होती. "माणसं राहायची का रे त्यात?" काकांनी सांगितलं, राहायची, पण आता कुणी नाही, पाच वर्षं झाली रिकामं आहे. आजी म्हणाली, "मग पडणारच. माणूस नसलेलं घर टिकत नाही."

पुढे मोठेपणी वाचलं तेव्हा आजीचं बोलणं पुन्हा आठवलं. स्कायलॅब खरंच घर होतं. १९७३ च्या मे महिन्यात वर गेलं, तीन बिऱ्हाडं राहून गेली, अठ्ठावीस दिवस, एकोणसाठ दिवस आणि चौऱ्याऐंशी दिवस. जेवायला टेबल होतं, बाहेर बघायला खिडकी होती, आंघोळीला घडी घालून ठेवता येणारी गोल मोरी होती. ११ जुलैला ते हिंदी महासागरावर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात तुकड्यातुकड्यांनी पडलं. तिथल्या एस्परन्स गावानं कचरा केल्याबद्दल नासाला चारशे डॉलरचा दंड ठोकला. हे एखाद्या विज्ञानकथेत लिहिलं असतं तर संपादकानं 'विनोदी विभागाकडे पाठवा' असा शेरा मारला असता.

पण खरी गंमत पुढेच आहे. स्कायलॅब पडलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते सहा वर्षं पडतच होतं. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं हा समज मी कितीतरी कथांत पसरवला आहे. आता तो गिळावा लागतोय. चारशे किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण इथल्या सुमारे नव्वद टक्के असतं. स्थानक पृथ्वीकडे सतत पडत असतं, पण पुढे जाण्याचा वेगही इतका की जितकं पडावं तितकी पृथ्वीची गोलाई खाली वळलेली असते. दीड तासात एक फेरा, पडत पडत. आतली माणसं, पेनं, पाण्याचे गोळे, सगळे बरोबरच पडत असतात, म्हणून कुणीच कुणाच्या मानानं पडत नाही. माझ्या नायिकेचा अश्रू ओघळत नाही, कारण ती स्वतःच पडते आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर क्षणभर वाटलं, कथा सुटली. सुटली नव्हती. ते वाक्य सुभाषितासारखं होतं आणि बाईचं रडू तसंच अडकून राहिलं होतं.

मग वाचायला बसले. आधी लोकांनी काय कल्पना केल्या होत्या आणि मग माणसांनी जाऊन आल्यावर काय सांगितलं, असं दोन्ही. एके काळी रस्ता कथेकडून विज्ञानाकडे जात होता. ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची कादंबरी पोरवयात वाचून रशियात त्सिओल्कोव्हस्की आणि जर्मन भाषेत वाढलेला ओबर्थ अग्निबाणाच्या गणिताला लागले. उड्डाणाआधी दहा, नऊ, आठ असे उलटे आकडे मोजायची रीत तर फ्रिट्झ लांग या जर्मन दिग्दर्शकाच्या १९२९ च्या मूकपटातून लोकांच्या परिचयाची झाली, आणि त्या चित्रपटाचा सल्लागार होता तोच ओबर्थ. पण १२ एप्रिल १९६१ ला सोविएत अंतराळवीर गागारिन पहिला माणूस म्हणून एकशे आठ मिनिटांत अंतराळात जाऊन आला आणि रस्ता उलटा वाहू लागला. आता लेखकांना जाऊन आलेल्यांकडून ऐकायची पाळी आली.

ऐकण्यासारखं होतं ते फार बारीक होतं. गागारिन यानासकट उतरला नाही, तो सात किलोमीटर उंचीवर बाहेर फेकला गेला आणि स्वतःच्या हवाई छत्रीनं वेगळा आला. ही गोष्ट सोविएत सरकारनं कैक वर्षं दडवली. तो उतरला तिथे शेतात एक बाई आणि तिची छोटी नात होती. भगवा पोशाख, पांढरं शिरस्त्राण घातलेला माणूस आभाळातून आलेला बघून दोघी घाबरल्या. परग्रहावरचा पाहुणा शेतात उतरतो ही विज्ञानकथेतली गुळगुळीत झालेली सुरुवात. पृथ्वीवर ती एकदाच खरी घडली आणि पाहुणा गावचाच निघाला.

लिओनोव्ह या दुसऱ्या सोविएत अंतराळवीराचं तर मला वेडच लागलं. १८ मार्च १९६५, माणूस पहिल्यांदा यानाबाहेर. सुमारे बारा मिनिटं. त्या काळच्या कथांत अंतराळात माणसाचा घात उल्का करत किंवा शत्रू करत. याच्या जिवावर उठले ते अंगावरचे कपडे. निर्वातात पोशाख फुगला, बोटं हातमोज्यांच्या टोकांतून मागे आली, दोरी धरता येईना. शेवटी खाली कुणाला न विचारता त्यानं झडप उघडून पोशाखातली हवा सोडली आणि डोकं आधी घालून कसाबसा आत शिरला. परतताना यान भलतीकडेच उतरलं, रशियातल्या पर्मच्या बर्फातल्या जंगलात दोन रात्री काढाव्या लागल्या. आणि या सगळ्यात हा माणूस चित्रकार. वर जाताना त्यानं रंगीत पेन्सिली नेल्या होत्या, त्या निसटू नयेत म्हणून दोरे बांधून. त्यानं तिथे बसून सूर्योदय काढला. कुठल्या लेखकाला हे सुचलं असतं? सुचलं असतं तरी पेन्सिलींना बांधलेले दोरे सुचले नसते. ते जाऊन आलेल्याकडूनच मिळतात.

एक तक्रारही आहे. जाऊन आलेल्यांनी कथा मारल्याही. थॉमस गोल्ड नावाच्या खगोलशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की चंद्रावरची मैदानं बारीक धुळीच्या खोल थरानं भरलेली असावीत. (हा गोल्ड म्हणजे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्व कायम असंच होतं असं मानणाऱ्या स्थिरस्थिती सिद्धान्तात असलेला, आणि हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. खगोलशास्त्र हे चाळीसारखं आहे, सगळे एकमेकांच्या ओळखीचे.) धुळीच्या समुद्रात यान बुडतं, माणसं गाडली जातात, यावर कथा येऊ शकत होत्या आणि आल्याही. मग २० जुलै १९६९ ला आर्मस्ट्राँगनं पाय ठेवला आणि सांगितलं की बूट इंचाच्या अगदी लहानशा भागाइतकाच रुततो. समुद्र आटला.

पण त्याच धुळीनं जाताना काहीतरी हातावर ठेवलं. आर्मस्ट्राँग आणि त्याचा सोबती आल्ड्रिन यानात परतले, शिरस्त्राणं काढली, तेव्हा पोशाखांना चिकटून आलेल्या धुळीला वास येत होता. आर्मस्ट्राँगला तो शेकोटीतल्या ओल्या राखेसारखा वाटला, आल्ड्रिनला उडवून झालेल्या बंदुकीच्या दारूसारखा. पहिला वास माझ्या आजोळच्या चुलीवर पाणी शिंपडल्याचा आहे आणि दुसरा नरकचतुर्दशीच्या पहाटेचा. चंद्रावर शेकडो कविता झाल्या असतील आपल्याकडे, चंद्राला चांदीची थाळी म्हटलं, भाकर म्हटलं, मामा म्हटलं. वास मात्र कुणी घेतला नव्हता. तो घ्यायला माणूसच जावा लागला, नाक असलेला. यंत्र मूलद्रव्यं सांगतं, आजोळची चूल आठवणं त्याच्या हातात नाही.

याच मोहिमेतला तिसरा मायकेल कॉलिन्स. खाली दोघं चालत असताना तो वर एकटा फेऱ्या मारत होता, आणि दर फेरीत अठ्ठेचाळीस मिनिटं चंद्राच्या मागे, जिथे पृथ्वीवरचा आवाजही पोचत नाही. सगळ्यांनी त्याला एकाकी ठरवून टाकलं. मीही माझ्या नायिकेला तसंच ठरवलं होतं, 'अथांग एकटेपण' हे शब्द कथेत तीनदा होते. कॉलिन्सनं मात्र पुढे लिहिलं की त्याला भीती किंवा एकटेपणा वाटलाच नाही, उलट सावधपण, समाधान, जवळजवळ उल्हास वाटला. अथांग एकटेपण मी तिन्ही ठिकाणी कापलं. एक सोडायला जिवावर आलं.

इथे आपल्या मराठी विज्ञानकथेबद्दल थोडं वाकडं बोलते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाबाईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस पटकावलं, तेव्हापासून ही वाट मोठी झाली. त्या वाटेवरच मी लिहायला शिकले. पण आमच्या कथांत शास्त्रज्ञ फार आणि अंतराळवीर कमी. एक हुशार माणूस दुसऱ्या जरा कमी हुशार माणसाला चहा पिता पिता सगळं समजावून सांगतो, हा आमचा आवडता प्रसंग. त्यात कल्पना पक्की असते, गणित चोख असतं, पण पायाच्या टाचेला काय वाटतं ते नसतं. येणार कुठून? २०२५ पर्यंत आपल्यातला वर गेलेला माणूस एकच होता. १९८४ च्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सॅल्यूत-७ या सोविएत स्थानकावर जेमतेम आठ दिवस राहून आले आणि आम्ही त्यांचं एकच वाक्य पाठ केलं, 'सारे जहाँ से अच्छा'. त्यांनी तिथे योगासनं केली होती. खालून आधार नसताना आसन म्हणजे काय, हा प्रश्न एकाही मराठी कथाकाराला पडलेला माझ्या वाचनात नाही. मलाही पडला नव्हता.

तर टाचा. महिनोन्महिने राहणाऱ्यांच्या तळव्यांची जाड कातडी सुटून येते, कारण त्यावर कुणी उभंच राहत नाही. तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ होतात, आणि घट्टे पडतात पावलांच्या वरच्या बाजूला, कारण स्थिर राहायला पाय दांड्यांखाली अडकवावे लागतात. हे वाचल्यावर मी कथेत आईच्या टाचांच्या भेगा आणल्या. लेक वर स्वतःच्या मोज्यातून सुटलेली कातडी गोळा करते आहे आणि तिला आईच्या भेगांत मेण भरायची संध्याकाळ आठवते आहे. हा परिच्छेद भाचीनं रेघ न मारता वाचला.

झोपेचंही तसंच. भिंतीला बांधलेल्या पिशवीत शिरायचं, उशी लागत नाही, हात आपोआप समोर तरंगतात. पण डोक्याशी पंखा हवा. गरम हवा वर जायला 'वर' नसल्यामुळे सोडलेला श्वास तोंडाभोवतीच साचून राहू शकतो. म्हणजे सुस्काऱ्यालाही रेघ मारायला हवी होती. मी भाचीला सांगितलं नाही.

एक गोष्ट मला कथेत घेता आली नाही. १ फेब्रुवारी २००३. कोलंबिया यान उतरायला सोळा मिनिटं उरली असताना फुटलं, कल्पना चावला आणि बाकीचे सहा जण गेले. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरच्या घट्ट फेसाच्या आवरणाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता, इतकंच कारण. दोनेक महिन्यांनी टेक्सासमधल्या एका शेतात इलान रॅमोन या अंतराळवीराच्या डायरीची पानं सापडली. साठ किलोमीटर उंचीवरून, आगीतून पडलेली, आणि त्यांवर वाचता येणारी अक्षरं. मी हे माझ्या नायिकेच्या तोंडी घालून बघितलं, मग खोडलं. काही गोष्टींना कथेत घेतलं की आपणच चोरटे वाटायला लागतो.

आणि मग अश्रू. २००१ मध्ये कॅनडाचा ख्रिस हॅडफील्ड यानाबाहेर काम करत असताना त्याच्या एका डोळ्यात काच धुरकट होऊ नये म्हणून लावलेलं रसायन गेलं. डोळा झोंबला, पाणी आलं, पण ते पाणी खाली जाईना. डोळ्यावरच गोळा होऊन बसलं, वाढत गेलं आणि नाकाच्या दांडीवरून दुसऱ्या डोळ्यात शिरलं. दोन्ही डोळे गेले, हातात अवजार, खाली पृथ्वी. शिरस्त्राणात हात घालून डोळे पुसताही येत नाहीत. तो तसाच थांबला. रडणं साचत गेलं, रसायन विरळ झालं, हळूहळू दिसायला लागलं.

म्हणजे तिथे अश्रू सोडून जात नाही. तो तुमच्यापाशी राहतो, भिंगासारखा डोळ्यावर बसतो आणि तुम्हाला दिसणारं जग वाकडं करतो. रडलं की हलकं वाटतं, हे तिथे खरं नसावं. मी शेवटचं पान पुन्हा लिहिलं. बाई खिडकीशी जाते, पाणी येतं, जात नाही, खालची पृथ्वी फुगते, पसरते, तिचे काठ वितळतात. बाई बोटानं तो गोळा उचलते, तो बोटाला चिकटतो. टॉवेलला टिपते. ते पाणी पुन्हा स्थानकाच्या हवेत जाणार, यंत्रातून गाळलं जाणार, आणि कुणाच्या तरी कॉफीत येणार. तिथे घामाचं, श्वासातलं, लघवीचं, सगळ्याचं पाणी फिरवून वापरतात. तेराव्यापर्यंत आईसाठी रडलेलं पाणी स्थानकातली सगळी माणसं थोडं थोडं प्यायलेली असतील. हे लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

मूग मात्र मला अंतराळवीर शुभांशू शुक्लांनी दिले. २५ जून २०२५ ला ते अंतराळात गेले, शर्मांनंतर एक्केचाळीस वर्षांनी, आणि त्यांच्या सामानात गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता. तिथे त्यांनी मूग आणि मेथी रुजवायचा प्रयोग केला. पृथ्वीवर मुळाला खाली कुठे आहे ते कसं कळतं? मुळाच्या टोकाशी पेशींत पिठूळ कण असतात, ते तळाला बसतात, त्यावरून. म्हणजे मोडालासुद्धा कुणीतरी आत पडून दाखवावं लागतं. त्या दिवशी मी ओट्यावर फडक्यात बांधलेले मूग सोडले आणि सगळ्या मोडांकडे नुसती बघत बसले. उसळ दुपारी दोनला झाली.

शेवट मात्र बदलला. ती परत येते. परत आलेल्या माणसांची एक खोड सांगतात : हातातली वस्तू ती हवेत सोडून देतात, तरंगत राहील या सवयीनं. माझी नायिका आईच्या स्वयंपाकघरात येते, पाण्याचा पितळी पेला हातात घेते, दुसऱ्या हातानं आईचा जुना डबा काढायचा म्हणून पेला हवेत ठेवते. पेला पडतो. आवाज घरभर घुमतो. आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळतो.

भाचीला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं, जमलं.

"मावशी," ती म्हणाली, "सहा महिन्यांनी परत आलेल्या माणसाला पहिले काही दिवस धड उभंही राहता येत नाही. तोल जातो. ही ओट्याशी कशी उभी राहिली?"

मग मी तिला पाट घालून खाली बसवली, आणि डबा खालच्या फडताळात ठेवला.